हक्काचा रविवार

१ मे १८९० रोजी युरोप-अमेरिकेतील अनेक शहरांत कामगार प्रथमच एकाच दिवशी, एकाच मागणीसाठी रस्त्यावर आले. १८८६ मधील शिकागोच्या आंदोलनाची स्मृती आणि १८८९ च्या पॅरिस परिषदेचा ठराव त्यामागे होता. मागणी होती आठ तासांच्या कामाची. याच्या आठवडाभर आधी, २४ एप्रिल रोजी, मुंबईत सुमारे १० हजार गिरणी कामगारांची सभा भरली होती. दोन स्त्री-कामगारांनीही तीत भाषणे केली. आठ तासांचा दिवस मागण्याची कल्पनाही येथे कोणी केली नसती. या कामगारांना हवा होता आठवड्यातून एक दिवस. ती सभा घडवून आणणाऱ्या गृहस्थांचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. कामगारदिनाची सुटी आपण कामगारांच्या सन्मानार्थ घेतो. रविवारची सुटी मात्र कामगारांनी स्वतः मिळवलेली आहे, आणि तिच्या इतिहासात लोखंडे यांचे स्थान पहिले आहे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे, माळी समाजातील एका सामान्य कुटुंबात झाला. शालेय शिक्षणाच्या पुढे जाण्यासारखी घरची स्थिती नव्हती. काही काळ सरकारी खात्यात नोकरी करून ते मुंबईच्या एका कापड गिरणीत भांडारपाल झाले. गिरणीच्या कचेरीत बसणाऱ्या माणसाला साच्यावरचा माणूस रोज दिसतो. त्याच्याकडे लक्ष देण्याचे बंधन मात्र त्याच्यावर नसते. लोखंडे यांनी लक्ष दिले. जोतीराव फुले यांनी १८७३ साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाशी त्यांचा निकटचा संबंध आला, आणि या पाहण्याला विचारांची बैठक मिळाली. कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात १८७७ साली सुरू केलेले 'दीनबंधु' हे पत्र १८८० पासून लोखंडे यांनी मुंबईतून चालवले. गिरणीतील कामगाराच्या दुःखाला त्यातून नियमित वाचा फुटू लागली.

त्या काळी गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. काम सूर्योदयाला सुरू होई आणि सूर्यास्ताला थांबे. म्हणजे उन्हाळ्यात कामगाराचा दिवस तेरा-चौदा तासांपर्यंत लांबे. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली, बारा वर्षांखालील मुलांचे काम नऊ तासांवर आणले आणि त्यांना महिन्यातून चार सुट्या दिल्या. प्रौढ स्त्री-पुरुषांसाठी त्यात काहीही नव्हते. १८८४ साली सरकारने चौकशी आयोग नेमला, तेव्हा लोखंडे यांनी परळ भागात कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या वेळेला मर्यादा, वेळेवर वेतन आणि कामावर इजा झाल्यास भरपाई, अशा त्यातील मागण्या होत्या.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातील पहिली मागणी विचार करायला लावते. जेथे कामाच्या प्रमाणात किंवा कामाच्या दिवसांवर मजुरी मोजली जाते, तेथे सुटी म्हणजे तितकी मिळकत कमी. पोटाला चिमटा बसत असतानाही हजारो माणसे मिळकतीऐवजी विश्रांती मागत होती, यावरून त्यांच्या थकव्याची कल्पना यावी. शिवाय रविवार हा खंडोबाचा वार. घाटावरून आलेल्या कामगाराला त्या दिवसाचे महत्त्व कोणी शिकवण्याची गरज नव्हती. दुसरी गोष्ट मालकांच्या बाजूची. एखाद्या दयाळू मालकाने एकट्याने गिरणी बंद ठेवली, तर शेजारच्या गिरणीचे उत्पादन चालू राहते आणि तोटा त्याच्या एकट्याच्या वाट्याला येतो. सर्व गिरण्या एकाच दिवशी थांबल्या तर हा प्रश्न उरत नाही. म्हणूनच हा प्रश्न मालकाच्या वैयक्तिक सद्भावनेने सुटणारा नव्हता. त्याला सर्वांस बांधणारा नियमच हवा होता.

परंतु नियमाची मागणी करणे त्या काळी सोपे नव्हते. मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा लँकेशायरच्या गिरणीमालकांना जाचू लागली होती, आणि हिंदुस्थानात कारखाना कायदा कडक व्हावा म्हणून तेच इंग्लंडमध्ये दबाव आणत होते. त्यामुळे देशी उद्योगाचा गळा घोटण्याचा हा डाव आहे, असे येथील अनेक राष्ट्रवादी पुढाऱ्यांना आणि वृत्तपत्रांना वाटत होते. त्यांची शंका निराधार नव्हती. लोखंडे यांची कसोटी येथेच लागली. परकीय मालकाचा हेतू स्वार्थी असला म्हणून देशी कामगाराचे दुःख खोटे ठरत नाही, ही भूमिका घेऊन ते आपल्या मागणीवर ठाम राहिले.

अखेर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. त्याच वर्षी नेमलेल्या सरकारी आयोगाच्या कामात लोखंडे यांचा सहभाग होता. १८९१ च्या सुधारित कायद्यात साप्ताहिक सुटी आणि दुपारची विश्रांती यांचा अंतर्भाव झाला. फुले यांचे निधन २८ नोव्हेंबर १८९० रोजी झाले. आपल्या सहकाऱ्याचे हे यश त्यांना पाहता आले.

लोखंडे यांच्या कार्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्यांच्या संघटनेला आजच्या अर्थाने सभासद नव्हते, निधी नव्हता, घटना नव्हती. संपापेक्षा अर्ज आणि सभा यांवर त्यांचा भर होता. सरकारने दिलेली रावबहादूर ही पदवी त्यांनी स्वीकारली. पुढील पिढीच्या लढाऊ कामगार नेत्यांना हा मार्ग मवाळ वाटला असता. तथापि ज्यांना अर्ज करण्याचाही अधिकार आहे असे कोणी मानत नव्हते, त्यांच्या हजारो सह्या किंवा अंगठे एका कागदावर आणणे हेच त्या काळी मोठे धाडस होते. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा ते रुग्णांच्या सेवेत उतरले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. वय पन्नाशीच्या आतच होते.

ज्या गिरण्यांसाठी हे सर्व झाले, त्यांचे भोंगे आता थांबले आहेत. रविवारची सुटी मात्र कचेऱ्या, शाळा आणि महाविद्यालये यांच्या इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कोणी मागून घेतली होती हेच आपण विसरलो. आपल्या घरी धुणीभांडी करणारी बाई, इमारतीच्या दाराशी बसणारा पहारेकरी, दारात सामान आणून देणारा तरुण, यांच्यापैकी अनेकांना आजही भरपगारी सुटीचा वार ठाऊक नाही.  येत्या रविवारी घरकामाच्या बाईंना सुटी देताना तिचे पैसे कापायचे की नाही, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाच्या अधिकारातला आहे. लोखंडे यांचे स्मरण तेथून सुरू करता येईल.