नाणेघाटची झेरॉक्स काढणारा पंडित

जुन्या फॅक्सची कच्ची फाइल लिनक्सच्या टर्मिनलवरून प्रिंटरला पाठवायचा उद्योग तुमच्यापैकी कुणी केला असेल, तर एक गंमत नक्की अनुभवली असेल. पान छापून येतं, पण सगळी अक्षरं चेपलेली, जणू कुणीतरी वर बसलंय! कारण साधं आहे. साध्या फॅक्समध्ये आडव्या ओळीत इंचाला २०४ ठिपके असतात, पण उभ्या दिशेला ९८च. प्रिंटरला दोन्हीकडे सारखेच ठिपके वाटतात आणि पानाची उंची निम्म्यावर येते. कच्च्या फाइलला हेडर नसतं. म्हणून 'फॅक्स-टू-टिफ' चालवताना रेझोल्यूशन आपण सांगायचं, मग 'टिफ-टू-पीएस'ने पोस्टस्क्रिप्ट करायचं, आणि मग प्रिंट. थोडक्यात, चित्र नुसतं पोचून भागत नाही. ते कसं घेतलं होतं हे माहीत असणारा माणूस मध्ये लागतो.

फॅक्स हा शब्द 'फॅक्सिमिली'चा तुकडा. मूळ लॅटिन, अर्थ साधारण 'तसंच कर'. यंत्र येण्याआधी शिलालेखांच्या हुबेहूब छापील प्रतींनाही फॅक्सिमिलीच म्हणत. आणि आपल्या जुन्नरच्या दगडांची अशी प्रत काढून ती वाचणाऱ्यांत ज्याचं नाव पहिल्या रांगेत घ्यायला हवं, तो माणूस म्हणजे पंडित भगवानलाल इंद्रजी.

भगवानलाल मूळचे जुनागढचे, जन्म १८३९चा. घरी संस्कृत आणि वैद्यकी. इंग्रजी शाळेचं शिक्षण जवळजवळ नाही. पण गावाबाहेर गिरनारच्या वाटेवर एक भलामोठा खडक होता. त्यावर अशोकाच्या आज्ञा, रुद्रदामन क्षत्रपाचा लेख आणि स्कंदगुप्ताचा लेख. तीन राजवटी एकाच दगडावर! जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास ब्राह्मी लिपी उलगडली होती. तिचा तक्ता या मुलाच्या हाती पडला आणि तो खडकासमोर जाऊन बसला. तक्त्यावरून सगळं लागेना, म्हणून स्वतःच अक्षर न् अक्षर ताडून पाहू लागला. (आपण नोट्सची झेरॉक्स काढतो आणि मूळ पुस्तक उघडतही नाही, ते असो.)

त्याची कीर्ती मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या कानावर गेली. डॉक्टर धंद्याने वैद्य, नादाने इतिहाससंशोधक. १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला भगवानलाल त्यांच्याकडे आले आणि पुढची दहा-बारा वर्षं देशभर हिंडले. लेणी, स्तंभ, ताम्रपट, नाणी, सगळं उतरवून आणायचं आणि डॉक्टरांपुढे ठेवायचं. निबंध छापले जायचे डॉक्टरांच्या नावाने. त्या काळच्या रीतीला ते धरूनच होतं, तरी उन्हात दगडाला चिकटून बसलेल्या माणसाचं नाव वाचकाला शोधावं लागतं, हे मला खटकतं.

या नकला कशा काढत? सर्वांत जुनी रीत म्हणजे डोळ्यांनी बघून हाताने काढणं. यात धोका असा की वाचणाऱ्याला जे अक्षर अपेक्षित असतं तेच हात काढतो. दुसरी रीत ठशाची. दगड घासून स्वच्छ करायचा, ओला कागद त्यावर बसवायचा, ब्रशने ठोकून अक्षरांच्या खाचांत घुसवायचा. वरून शाईचा बोळा फिरवला की पृष्ठभाग काळा आणि खाचेतली अक्षरं पांढरी राहतात. ठसा खोटं बोलत नाही. पण दगडाची चीर आणि छिन्नीची रेघ यांत तो फरकही करत नाही. शेजारी एक तडा गेला असेल तर एका अक्षराचं भलतंच अक्षर होतं. म्हणून ठसा हातात घेऊन पुन्हा दगडाशी जायचं आणि बोटाने चाचपून बघायचं. भगवानलालांची ताकद इथे होती. फॅक्सच्या रेझोल्यूशनसारखंच हेही, दगडाचं हेडर त्यांच्या डोक्यात होतं म्हणा ना.

मग छपाई. ठशाचा फोटो काढायचा, त्यावरून शिळाछापाच्या सपाट दगडावर चित्र उतरवायचं आणि छापायचं. म्हणजे दगडावरून कागद, कागदावरून काच, काचेवरून परत दगड आणि मग पान!

आता नाणेघाटाकडे येऊ. जुन्नरहून घाटघरमार्गे गेलं की घाटाच्या तोंडाशी ती गुहा. सातवाहन राणी नागनिकेचा लेख तिथे डाव्या-उजव्या भिंतींवर आहे. यज्ञ किती केले, दक्षिणा किती दिली, याचा तो हिशेब. कर्नल साइक्सने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच त्याची नोंद घेतली होती, पण आकड्यांचं नीट जमत नव्हतं. भगवानलालांनी याच लेखावरून प्राचीन अंकांवर निबंध लिहिला. तो मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलात आला. अंकांवरचा त्यांचा आणखी एक लेख १८७७ साली 'इंडियन अँटिक्वरी'त आला.

इंजिनिअरांनी ही पद्धत मुद्दाम बघावी. इथे शून्य नाही, स्थानमूल्यही नाही. शंभराला एक चिन्ह, हजाराला एक. चारशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला चारचं चिन्ह जोडायचं, चार हजारांना हजाराच्या चिन्हाला चार, वीस हजारांना हजाराला वीस. म्हणजे २४,४०० कार्षापण (तेव्हाची नाणी) लिहायला तीनच जोडचिन्हं पुरली. आता एक जोडरेघ चीर समजून सोडली की चारशेचे शंभर होतात. नक्कल काटेकोर असण्यावर सगळं अवलंबून होतं, ते असं.

१८७४ साली भाऊ दाजी वारले आणि भगवानलाल स्वतःच्या नावाने लिहू लागले. लिहायचे गुजरातीत. जर्मन पंडित ब्यूलर यांनी त्यांचं बरंच लिखाण इंग्रजीत आणलं. १८८१ साली जेम्स बर्जेस यांच्याबरोबर पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या शिलालेखांचं पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर दोघांचीही नावं! जुन्नरच्या लेण्यांतले लेखही त्यात आहेत. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याचा ४६व्या वर्षाचा लेख आणि यवन दात्यांची नावं, सगळं याच आपल्या डोंगरांतलं.

पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, त्यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. आत एकात एक ठेवलेले करंडक निघाले. नंतर हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. इंग्रजी शाळा न शिकलेल्या माणसाला!

१६ मार्च १८८८ रोजी मुंबईत ते गेले. वय पन्नाशीच्याही आतलं. मथुरेचा लेख असलेला सिंहस्तंभशीर्ष आणि नाणी ब्रिटिश म्युझियमला दिली गेली. गुजरातच्या प्राचीन इतिहासाचं काम अर्धवट राहिलं होतं, ते दुसऱ्यांनी पुरं करून १८९६ साली गॅझेटिअरमध्ये छापलं.

पावसाळ्यात हॉस्टेलची गँग नाणेघाटला जातेच. धबधब्याचे फोटो झाले की दहा मिनिटं गुहेत थांबा. समोरच्या भिंतीवर पूर्वी पुतळे होते, आता पायांच्या खुणा आणि वर नावं उरलीत. बाजूच्या भिंतींवर मोबाईलचा टॉर्च समोरून न मारता एका बाजूने, भिंतीला घासून मारा. अक्षरं उठून दिसतील. हजाराचं चिन्ह सापडतं का बघा. आणि फोटो चांगला यावा म्हणून अक्षरांत खडू मात्र भरू नका.