डॉ. खरे : खुर्ची आणि पक्ष

मी मूळचा पांढुर्ण्याचा. पांढुर्णा-सौसरचा आमचा मुलूख मराठी. पण काँग्रेसच्या विभागणीत तो हिंदी महाकोशलात मोडे. म्हणूनच नागपूर-महाकोशल वादात सापडलेल्या डॉ. नारायण भास्कर खरे यांच्याविषयी मला कुतूहल वाटत आले आहे.

१८८४ साली जन्मलेले खरे नागपूरचे नामांकित डॉक्टर. १९३७ साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे पंतप्रधान झाले. मंत्रिमंडळात नागपूर, महाकोशल व विदर्भ या तिन्ही प्रांतिक काँग्रेसांचा वाटा सांभाळावा लागे. रविशंकर शुक्ल व द्वारकाप्रसाद मिश्र यांच्याशी त्यांचे पटेना. जुलै १९३८ मध्ये खऱ्यांनी राजीनामा दिला, गव्हर्नरने महाकोशलचे तीन मंत्री बडतर्फ केले आणि खऱ्यांनी नवे मंत्रिमंडळ बनवले. पक्षश्रेष्ठींनी ते काही दिवसांतच पायउतार व्हायला लावले. शुक्ल पंतप्रधान झाले.

एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉलचे पुढारी नोकऱ्या वाटून मते बांधीत. आपल्याकडे उमेदवारी आणि मंत्रिपद हीच वाटण्याची वस्तू ठरली. गव्हर्नरचा आधार घेणे मला पटत नाही. पण मंत्री विधिमंडळाला बांधील की श्रेष्ठींना, हा प्रश्न १९७० साली खरे वारले तरी मिटलेला नाही.