जयपालसिंग मुंडा : प्रवेश मिळाला, पण टिकवणार कोण?

३ जानेवारी ही तारीख आपल्या घराघरांत पाठ असते. १८३१ साली याच दिवशी नायगावला सावित्रीमाई फुले यांचा जन्म झाला. २० मार्च हीसुद्धा आपली तारीख. १९२७ साली याच दिवशी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. या दोन्ही तारखांना आणखी एका माणसाचे नाव जोडलेले आहे, पण आपल्यापैकी फार थोड्यांना ते ठाऊक असते. ३ जानेवारी १९०३ रोजी तो जन्मला आणि २० मार्च १९७० रोजी गेला. त्याचे नाव जयपालसिंग मुंडा. झारखंडचे आदिवासी त्यांना मरङ गोमके म्हणतात, म्हणजे थोर नेता.

त्यांच्याविषयी लिहायला एक निमित्त घडले. मागे एक आदिवासी विद्यार्थी आमच्याकडे आला. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. शिष्यवृत्तीची रक्कम जमा झाली नाही म्हणून महाविद्यालयाने त्याचे हॉल तिकीट अडवले होते. आम्ही कायदेशीर नोटीस दिली, दोन खेपा घातल्या, परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी हॉल तिकीट मिळाले. जाताना तो सहज म्हणून गेला की त्याच्याच पाड्याकडचे दोघे मित्र याच कारणाने वसतिगृह सोडून आधीच गावी गेले आहेत. आम्ही मान हलवली आणि पुढची फाईल उघडली. त्या दोघांचे काय झाले, हे विचारायला आम्ही गेलो नाही. ती चूक मनात सलत राहिली. जयपालसिंगांचे चरित्र वाचताना ती पुन्हा समोर आली.

रांचीजवळच्या खुंटी भागातील टकरा या गावी एका मुंडा कुटुंबात जयपालसिंगांचा जन्म झाला. त्यांचे लहानपणीचे नाव प्रमोद पाहान. पाहान म्हणजे मुंडांच्या गावचा पुजारी. गुरे राखणारा हा मुलगा रांचीच्या सेंट पॉल शाळेत दाखल झाला. ती मिशनरी शाळा होती. अभ्यासात आणि खेळात तो पुढे होता. शाळेचे प्रमुख कॅनन कॉसग्रेव्ह यांच्या नजरेत तो भरला आणि १९१८ साली ते त्याला आपल्याबरोबर इंग्लंडला घेऊन गेले. आधी कँटरबरीचे सेंट ऑगस्टिन कॉलेज आणि मग १९२२ साली ऑक्सफर्डचे सेंट जॉन्स कॉलेज, असा त्याचा प्रवास झाला.

इथे जरा थांबून विचार करू. त्या काळात छोटानागपूरच्या जंगलपट्टीत किती हुशार मुले असतील? त्यांतला एकच ऑक्सफर्डला का पोचला? इतरांत बुद्धी नव्हती म्हणून नव्हे. एका धर्मगुरूची नजर एका मुलावर गेली, इतकेच त्याचे कारण. त्या धर्मगुरूचे उपकार मान्य केले तरी उपकारावर समाज उभा राहत नाही. उपकार करणाऱ्याची बदली झाली, तो निवृत्त झाला किंवा त्याचा लोभ आटला की दार बंद होते.

हा अनुभव आपल्याला नवा नाही. १९१३ साली बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, तेथून लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतले, तेव्हा १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. १९२३ साली डी.एस्सी. मिळाली. म्हणजे १९२२ आणि १९२३ मध्ये एका महार सुभेदाराचा मुलगा लंडनमध्ये आणि एका मुंडा घरातला मुलगा ऑक्सफर्डमध्ये, असे दोघे एकाच वेळी शिकत होते. दोघांनाही हे दार कोणाच्या तरी मर्जीने उघडून मिळाले होते. त्याचा हक्क करण्याचे काम पुढे घटनेला करावे लागले.

ऑक्सफर्डमध्ये जयपालसिंग नुसते पास झाले नाहीत. अर्थशास्त्रात त्यांनी ऑनर्स पदवी घेतली. हॉकीत विद्यापीठाचा ब्लू हा सर्वोच्च खेळमान मिळवला. आदिवासी मुलांबद्दल एक गैरसमज मुद्दाम पसरवला जातो की ती खेळात बरी आणि अभ्यासात कच्ची असतात. जयपालसिंगांनी दोन्ही क्षेत्रे एकाच वेळी गाजवली. कारण तिथे त्यांना राहायला खोली होती, जेवणाची चिंता नव्हती, खेळायला मैदान होते आणि हा मुलगा इथला नाही असे रोज सुनावणारे कोणी पाठीवर बसलेले नव्हते. बुद्धीला एवढे मिळाले की ती काय करते, हे त्यांनी दाखवून दिले.

पुढे ते आयसीएससाठी निवडले गेले आणि इंग्लंडमध्येच त्यांचे प्रशिक्षण सुरू झाले. तेवढ्यात १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकसाठी भारतीय हॉकी संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले. खात्याने रजा दिली नाही. ते रजेशिवाय गेले. त्याच संघात ध्यानचंद होते. भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले, स्वतःवर एकही होऊ दिला नाही आणि आपले पहिले हॉकी सुवर्णपदक जिंकले. संघातील मतभेदांमुळे जयपालसिंग अंतिम सामन्यात खेळले नाहीत, पण त्या संघाचे कर्णधार म्हणून इतिहासात त्यांचेच नाव आहे. इंग्लंडला परतल्यावर आयसीएसने त्यांना बुडालेल्या काळाच्या बदल्यात आणखी एक वर्ष प्रशिक्षण घ्यायला सांगितले. त्यांनी नकार दिला आणि आयसीएस सोडली.

या प्रसंगाकडे आम्ही वकिलाच्या नजरेने पाहतो. नियम सर्वांना सारखा होता, असे कोणी म्हणेल. पण देशाच्या संघाचे नेतृत्व करायला गेलेला माणूस आणि कारण नसताना गैरहजर राहिलेला माणूस यांना एकाच मापाने मोजणे म्हणजे समता नव्हे. संस्थेने त्यांना आत घेतले, पण त्यांच्यासाठी तसूभरही वाकायचे नाकारले. परिणामी एक आदिवासी अधिकारी प्रशासनाला मुकला. आज वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून एक महिना उशिरा पोचलेल्या मुलीला हजेरी कमी भरली म्हणून परीक्षेला बसू दिले जात नाही, तेव्हा हेच घडत असते. नियम पाळला जातो आणि माणूस गळतो.

नंतरची दहा वर्षे जयपालसिंग भटकत राहिले. तेलकंपनीत नोकरी केली. आफ्रिकेत गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानाच्या, अचिमोटा येथील कॉलेजात शिकवले. रायपूरच्या राजकुमार कॉलेजात राहिले, बिकानेर संस्थानात वरिष्ठ पदावर काम केले. शिकलेला माणूस आपोआप समाजाकडे परततो असे नाही, हे आपल्याही लोकांत आपण पाहतो. त्यांना परत आणले ते समाजाच्या हाकेने. जानेवारी १९३९ मध्ये रांचीला आदिवासी महासभेच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि तेथून पुढचे सारे आयुष्य त्या कामाला वाहिले.

१९४६ साली ते बिहारमधून घटना समितीवर निवडून आले. १९ डिसेंबर १९४६ रोजी उद्दिष्टांच्या ठरावावर ते बोलले. आपल्या लोकांचा सारा इतिहास बाहेरच्यांनी केलेल्या शोषणाचा आणि हिरावलेल्या जमिनींचा आहे, हे त्यांनी सभागृहाला ऐकवले. आदिवासींना लोकशाही शिकवायची गरज नाही, उलट ती त्यांच्याकडून शिकावी, असा त्यांचा दावा होता. समितीत आदिवासी सभासद किती थोडे आहेत आणि स्त्रिया किती थोड्या आहेत, याचीही त्यांनी जाणीव करून दिली.

आदिवासी या शब्दासाठी ते समितीत भांडले. अनुसूचित जमाती हा शब्द त्यांना पुरेसा वाटत नव्हता. बाबासाहेबांची भूमिका वेगळी होती. आदिवासी हा शब्द व्यापक आहे, त्याला कायद्यात नेमका अर्थ नाही. अनुसूचित जमाती म्हटले की यादी ठरते आणि हक्क कोणाला हे निश्चित होते, असे त्यांचे म्हणणे होते. हा मतभेद लपवण्याचे कारण नाही. वकील म्हणून आम्हाला बाबासाहेबांचे म्हणणे रोज पटते, कारण न्यायालयात आम्ही त्या यादीच्या बळावरच उभे राहतो. पण वर्गात एकट्या पडलेल्या आदिवासी मुलाला यादीतला क्रमांक धीर देत नाही. त्याला आपले नाव, आपली भाषा, आपला इतिहास यांचा अभिमान लागतो. तो जयपालसिंगांनी दिला. विद्यार्थ्याला दोन्हींची गरज आहे.

१९५२ च्या निवडणुकीत त्यांचा झारखंड पक्ष तीसहून अधिक जागा जिंकून बिहार विधानसभेत प्रमुख विरोधी पक्ष झाला. १९६३ साली त्यांनी तो काँग्रेसमध्ये विलीन केला. त्यांच्याच अनेक कार्यकर्त्यांना ते पटले नाही, आणि त्या निर्णयाने चळवळीचे नुकसान झाले हे मान्य केले पाहिजे. झारखंड राज्य १५ नोव्हेंबर २००० रोजी झाले. ते पाहायला जयपालसिंग नव्हते. २०२१ साली मात्र झारखंड सरकारने त्यांच्या नावाच्या शिष्यवृत्तीवर सहा आदिवासी विद्यार्थ्यांची पहिली तुकडी ब्रिटनमधील विद्यापीठांत पाठवली. १९१८ साली एका माणसाच्या मर्जीने गेलेल्या मुलाच्या नावाने, १०३ वर्षांनी, सरकारी योजनेतून सहा जण गेले. मर्जीचा हक्क झाला तो असा.

आता आजच्या चित्राकडे वळू. २०११ च्या जनगणनेत आदिवासी लोकसंख्येचे प्रमाण ८.६ टक्के होते. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात एकूण विद्यार्थ्यांत आदिवासी ६.३ टक्के होते. उच्च शिक्षणाच्या वयातील शंभर मुलांमागे देशात २८.४ प्रवेश, तर आदिवासींमध्ये २१.२. हे प्रवेशाचे आकडे झाले. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार त्याआधीच्या पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठांतून २,६२२ आणि आयआयटींमधून ४०८ आदिवासी विद्यार्थी बाहेर पडले. ही मुले प्रवेश परीक्षा पार करून आत गेली होती. तेव्हा त्यांना गुणवत्ता नव्हती असे म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावे की मग ती आत कशी आली?

महाराष्ट्रही मागे नाही. जुलै २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतील विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. मागणी काय होती? खानावळ बंद करून खात्यात पैसे टाकण्याचा निर्णय मागे घ्या, इतकीच. वेळेवर ताटात भाकरी पडावी म्हणून शिकणाऱ्या मुलांना रस्त्यावर चालावे लागले. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी मुलीने पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेत असताना जीवन संपवले. सहकारी डॉक्टरांकडून जातीवरून छळ झाल्याचा आरोप आहे. तिची आई त्याच वर्षी रोहित वेमुलाच्या आईसोबत सर्वोच्च न्यायालयात गेली. उच्च शिक्षणसंस्थांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २०१२ सालीच आले होते. नियम होते, तरी दोन आयांना न्यायालयाची पायरी चढावी लागली.

मग करायचे काय? घटनेचे कलम ४६ दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या, शैक्षणिक हिताची विशेष काळजी घ्यायला राज्याला सांगते. काळजी म्हणजे प्रवेशपत्र नव्हे. सत्र सुरू होण्याआधी वसतिगृहात खाट, महिन्याच्या महिन्याला निर्वाह भत्ता, पहिल्या वर्षी भाषेसाठी आणि गणितासाठी जादा शिकवणी, जात पडताळणीचा निकाल वेळेत, आणि तक्रार ऐकून घेणारा एक तरी आपला माणूस, ही ती काळजी. हे मागणे भीक नाही, हे घटनेने सांगितलेले काम आहे.

सरकारकडे मागू तेव्हा मागू, आपणही काही करू शकतो. आपल्या प्रत्येक अभ्यासिकेत आदिवासी मुलांना हक्काने जागा हवी. आपले प्राध्यापक, अधिकारी यांनी आपल्या शहरातील आदिवासी वसतिगृहात महिन्यातून एकदा जाऊन कोण दिसेनासे झाले, हे विचारावे. आम्ही वकिलांनी हॉल तिकीट मिळवून देऊन फाईल बंद करू नये. ३ जानेवारीला सावित्रीमाईंच्या प्रतिमेशेजारी जयपालसिंगांची प्रतिमा ठेवावी आणि २० मार्चला पाण्याच्या हक्काबरोबर वर्गात टिकण्याच्या हक्काचीही आठवण करावी.

त्या दोघांचा पत्ता आम्ही आता त्यांच्या मित्राकडून मागून घेतला आहे. उशीर झाला आहे, पण जायचे ठरले आहे. तुमच्या ओळखीतही असे कोणी वसतिगृह सोडून गावी गेले असेल. त्याला एकदा विचारून या.

जय भीम! जोहार!