हिमशोधक आल्फ्रेड वेगेनर

आपल्या मये गावच्या तळ्यात दर पावसाळ्याला गाळाचा एक थर बसतो. ध्रुवप्रदेशात तसाच दरवर्षी हिमाचा थर बसतो. वरच्या भाराने दबून त्याचा बर्फ होतो आणि त्या काळची हवा त्यात कोंडून राहते. तेथे खोल छिद्र पाडून काढलेला बर्फाचा गाभा म्हणजे पृथ्वीच्या हवामानाची बखरच होय. या बखरीची वाट ज्यांनी आरंभी चोखाळली, त्यांत जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांची गणना होते.

वेगेनर यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजी बर्लिन येथे झाला. १९०५ साली त्यांनी खगोलशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. पुढच्याच वर्षी बंधू कुर्ट यांच्यासह बलूनमधून सलग ५२ तास आकाशात राहून त्यांनी विक्रम केला आणि त्याच वर्षी ते प्रथम ग्रीनलंडला गेले. भूखंडे सरकतात, हा सिद्धांत त्यांनी १९१२ साली मांडला. अनेक विद्वानांनी त्याचा उपहास केला; वेगेनर डगमगले नाहीत. त्याच साली निघालेल्या मोहिमेत त्यांनी कोख यांच्यासमवेत ग्रीनलंडच्या बर्फावर हिवाळा काढला व गिरमिटाने सुमारे २५ मीटर खोल छिद्र पाडले.

१९३० साली त्यांनी किनाऱ्यापासून ४०० किलोमीटर आत, हिमपठाराच्या मध्यभागी, आइसमिटे हे ठाणे उभारले. तेथील सोबत्यांना हिवाळ्यापुरती सामग्री पोहोचवण्यासाठी ते स्वतः निघाले. थंडी उणे ५० अंशांखाली गेली. बहुतेक वाटाडे परतले, सामानही मागे राहिले. ३० ऑक्टोबरला ते ठाण्यावर पोहोचले. तेथील शिधा पाच जणांना पुरणारा नव्हता. म्हणून १ नोव्हेंबरला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, ते रासमुस विलुमसेन या तरुण ग्रीनलंडवासीयासह परत निघाले. ते किनाऱ्याला पोहोचलेच नाहीत. मे १९३१ मध्ये वाटेत त्यांचा देह सापडला. रासमुसने तो नीट शिवून पुरला होता व खूण म्हणून स्की रोवल्या होत्या. रासमुसचा मात्र कधीच पत्ता लागला नाही.

मागे राहिलेल्या तिघांनी हिवाळा निभावला. त्यांपैकी झोर्गे यांनी सुमारे १५ मीटर खोल विवर खणून हिमाचे वार्षिक थर तपासले. पुढे १९६६ साली ग्रीनलंडमध्येच १३८७ मीटर खोलीवर बर्फाचा तळ गाठला गेला. अंटार्क्टिकातील बर्फाने तर आठ लक्ष वर्षांचा वृत्तान्त सांगितला. वेगेनर यांचा भूखंडांचा सिद्धांतही त्यांच्या मृत्यूनंतर सुधारित रूपाने मान्य झाला. भारत व अंटार्क्टिका एके काळी एकाच महाखंडाचे भाग होते, हे आज आपण शाळेत शिकतो.

बालमित्रांनो, वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात अंटार्क्टिकाहून आणलेले हिमगाभे शीतगृहात जतन करून अभ्यासले जातात. ज्ञानाचे फळ पेरणाऱ्याला मिळतेच असे नाही. तरी वेगेनर यांनी पेरणी केली. सोबत्यांच्या वाट्याचा घास राखण्यासाठी स्वतः हिमवादळाची वाट धरणारा हा शास्त्रज्ञ ज्ञानाइतकाच माणुसकीनेही थोर होता.