कार्पेंटर मावशींचं घर

मुलगी शिकायला परदेशी निघाली की आपण बायका काय काय विचारतो? कॉलेज कोणतं, फी किती, व्हिसा झाला का. बॅगेत लोणचं, पापड, कुरडया कोंबून भरतो. पण तिथे ती राहणार कोणाकडे, त्या घरात तिचं म्हणावं असं कोण आहे, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. मला वाटतं, तो पहिला यायला हवा.

युरोपात 'ओ पेअर' नावाची एक पद्धत आहे. तरुण मुलगी दुसऱ्या देशातल्या एखाद्या कुटुंबात राहते, त्यांची लेकरं सांभाळते, घरकामाला थोडा हात लावते. बदल्यात तिला राहायला जागा, जेवण, हातखर्च मिळतो आणि तिथली भाषा शिकता येते. शब्द फ्रेंच आहे, अर्थ आहे बरोबरीनं. म्हणजे ती घरातली मोलकरीण नाही आणि पाहुणीही नाही. १९६९ साली युरोपातल्या देशांनी यासाठी करारही केला. अमेरिकेत ही योजना १९८६ साली सुरू झाली. हे साल वाचलं आणि मला एकदम आनंदीबाई जोशी आठवल्या. त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १८८६ मध्ये, अमेरिकेतल्याच एका परक्या घराची माया घेऊन ही मराठी मुलगी डॉक्टर झाली होती.

आनंदीबाई पहिल्या डॉक्टर झाल्या, एवढं आपल्याला शाळेपासून पाठ आहे. गोपाळरावांचा हट्टही ठाऊक आहे. पण त्यांच्या गोष्टीतल्या तिसऱ्या माणसाचं नाव विचारा, फारशा जणींना सांगता येणार नाही. तिचं नाव थिओडोशिया कार्पेंटर. न्यू जर्सीतल्या रोझेल गावची ही साधी गृहिणी.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेर कल्याणचं, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा बिजवर, वयानं वीसेक वर्षांनी मोठा, पोस्टात नोकरीला. बायकोला शिकवायचंच, ही गोपाळरावांची जिद्द होती. पण त्या जिद्दीत मायेपेक्षा धाकच जास्त. अभ्यासात कसूर झाली की मार बसायचा. त्यात आनंदीबाई लहान वयातच आई झाल्या आणि ते बाळ दहा दिवसांत गेलं. बाई डॉक्टर असती तर लेकरू वाचलं असतं, ही खंत त्यांच्या मनात घर करून बसली.

१८७८ साली गोपाळराव कोल्हापूरला असताना त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, मदत करा, अशी विनंती केली. ख्रिस्ती व्हा, मग बघू, असा सूर उत्तरात होता. हा पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आला आणि मासिक पडून राहिलं. पुढे कार्पेंटरबाई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या असताना, नंबराची वाट बघत बसल्या बसल्या त्यांनी ते उचललं. दवाखान्यात आपणही असंच काहीबाही चाळत बसतो. वाचून त्यांच्या मनाला लागलं. न पाहिलेल्या, ओळखीपाळखीच्या नसलेल्या मुलीला त्यांनी पत्र धाडलं आणि आपल्या घराचं दार उघडं असल्याचं कळवलं.

मग जवळजवळ तीन वर्षं पत्रं चालली. आनंदीबाईंना डोकेदुखी, ताप असं सतत काही ना काही असायचं, तर या बाईंनी तिकडून औषधं पाठवली. दोघींनी एकमेकींना आपापले रीतिरिवाज, खाणंपिणं, धर्म सगळं लिहिलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. तोंड पाहण्याआधीच नातं जुळलं होतं.

२४ फेब्रुवारी १८८३ ला बंगालमधल्या श्रीरामपूरला आनंदीबाईंनी जाहीर भाषण केलं. मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हे त्यांनी भर सभेत सांगितलं. गोपाळरावांना सोबत जाता येईना. मग ७ एप्रिलला कलकत्त्याहून अठरा वर्षांची ही मुलगी मिशनरी बायकांच्या सोबतीनं बोटीवर चढली. वाटेत खाण्याचे हाल झाले. ४ जूनला न्यूयॉर्कचा किनारा लागला. तिथे कार्पेंटर मावशी स्वतः घ्यायला आल्या होत्या.

तो उन्हाळा रोझेलच्या घरात गेला. त्या दिवसांबद्दल वाचताना मला फार बरं वाटतं. मावशींच्या मुलींबरोबर आनंदीबाई हसल्या, खेळल्या. बालपण असं त्यांच्या वाट्याला आलंच कुठे होतं? घरकामात त्या आपणहून लागायच्या. आपल्या पद्धतीचा स्वयंपाक करून त्यांनी घरच्यांना आणि पाहुण्यांना जेवू घातलं. त्या शाकाहारी राहिल्या, साडीतच राहिल्या, कुंकू लावत राहिल्या. मावशी स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती, पण तू आमच्यासारखी हो, असा आग्रह त्यांनी धरला नाही. परक्या घरात ही गोष्ट किती मोठी असते, ते सासरी नांदलेल्या आपल्याला वेगळं सांगायला नको.

पंडिता रमाबाईही त्याच वर्षी इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजला ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. निर्णय त्यांचा स्वतःचा होता, पण पुढे धर्मावरून त्यांच्यात आणि आश्रय देणाऱ्यांत खटके उडाले. आसरा देणाऱ्याच्या बऱ्याच अपेक्षा असतात. रोझेलच्या घरात आनंदीबाई होत्या तशा राहू शकल्या.

ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाचं महिला मेडिकल कॉलेज सुरू झालं. तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली. मावशी पोचवून आल्या. रोझेल ते फिलाडेल्फिया अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर, म्हणजे आपल्या अकोला-अमरावतीपेक्षा थोडं जास्त. पण एवढ्या अंतरात घर सुटलं.

राहायला जी खोली मिळाली, तिथली शेकोटी धड नव्हती. पेटवली की खोलीभर धूर, विझवली की कडाक्याची थंडी. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या आपल्याला त्या थंडीची कल्पना यायची नाही. नऊवारीत पाय उघडे पडायचे, म्हणून त्या गुजराती पद्धतीची साडी नेसू लागल्या आणि तसं नवऱ्याला कळवलं. स्वयंपाक स्वतःच करायचा, तोही अभ्यास सांभाळून. आधीच नाजूक असलेली तब्येत इथे पार ढासळली.

त्यातच गोपाळरावांची पत्रं यायची, कधी कौतुकाची, बऱ्याचदा टोचून बोलणारी. पण आता आनंदीबाईही गप्प बसणाऱ्या राहिल्या नव्हत्या. लहानपणी झालेल्या मारहाणीची आठवण त्यांनी नवऱ्याला पत्रातून करून दिली. आदर सोडला नाही, पण झालं ते झाकलंही नाही. बरोबरीनं वागवणाऱ्या घरात राहिलेल्या मुलीलाच हे बळ येतं, असं मला वाटतं.

११ मार्च १८८६ ला त्यांना पदवी मिळाली. समारंभाला रमाबाई हजर होत्या. गोपाळरावही तोवर अमेरिकेत आले होते. प्रबंधाचा विषय हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या दवाखान्यात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरली. ऑक्टोबरमध्ये त्या परतीला निघाल्या, पण सोबत क्षय घेऊन. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचा अंत झाला. वय पुरतं बावीसही नव्हतं. त्या जागेवर रुजू होणं राहूनच गेलं.

बायकांना बाई डॉक्टर मिळावी म्हणून त्याच सुमाराला, १८८५ मध्ये, लेडी डफरीन फंड सुरू झाला होता. अमरावतीच्या स्त्री रुग्णालयाला आजही आपण डफरीनच म्हणतो. अकोल्याचं लेडी हार्डिंगही असंच एका लाटसाहेबाच्या बायकोच्या नावाचं. तिथे बाळंतपणाला गेलेल्या किती जणींनी आनंदीबाईंची आठवण काढली असेल?

आनंदीबाईंची रक्षा अमेरिकेला पाठवण्यात आली. पोकीप्सी गावच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ती ठेवली आहे, वर नावाचा दगड आहे. आपल्या घरच्यांच्या रांगेत मावशींनी या लेकीला जागा दिली.

मैत्रिणींनो, आज आपली लेक पुण्याला जाते, जर्मनीला जाते. तिला मोबाईलवर रोज जेवलीस का विचारतोच. पण खोलीत ऊन येतं का, थंडीत ऊब असते का, घरमालकीण कशी बोलते, आजारी पडलीस तर दार कोणाचं वाजवशील, हेही विचारा. त्रास होत असेल तर सांगायला तिला शिकवा. सोसलं म्हणजे संस्कार, असं तिच्या मनावर बिंबवू नका. आणि तुमच्या घरी एखादी खेड्यावरची पोरगी शिकायला, कामाला, भाड्यानं राहायला आली असेल, तर तिच्यासाठी त्या घरात तुम्हीच कार्पेंटर मावशी आहात. तिच्या खोलीत एकदा डोकावून या.