अण्णासाहेब कर्वे आणि आमच्या घरातले गणित

स्मरणिकेसाठी यंदा कोणा थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे अध्यक्षाबाईंनी मला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हातात पेन धरते ते किराण्याची यादी करायला आणि भिशीची वही लिहायला. पण गेले वर्षभर आमच्या घरात एका गोष्टीवरून जे चालले आहे, त्या निमित्ताने महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याविषयी मिळेल ते वाचले होते. म्हणून त्यांच्याविषयीच लिहिते. तुमच्यातल्या पुष्कळजणींना ते विधवांचे कैवारी म्हणून ठाऊक असतील. मला ते आधी दिसले ते गणिताचे मास्तर म्हणून.

घरातली गोष्ट अशी. आमची धाकटी गेल्या वर्षी नववीत गणितात नापास झाली. बाकीचे सारे विषय बरे होते. शाळेने सुचवले की हिला पुन्हा नववीत बसवा, नाहीतर काढून घ्या, दहावीचा निकाल बिघडायला नको. मुलीने शाळेत पाय ठेवायचा नाही असेच धरले. तेव्हापासून ती घरीच शिकते. सोळा वर्षांची मुलगी दिवसभर घरात, म्हटल्यावर येणारा-जाणारा विचारणारच. सासूबाईंचे म्हणणे, शिकली तेवढे पुष्कळ झाले, आता घरकाम शिकू दे, दोन वर्षांत स्थळ बघता येईल. घरातली पुरुषमंडळी गप्प. आणि मी? मला बीजगणितातले ओ की ठो कळत नाही. मी तिला काय शिकवणार!

अशा दिवसांत मंडळाच्या कपाटातले अण्णासाहेबांचे चरित्र घरी आणले.

अण्णासाहेबांचा जन्म 18 एप्रिल 1858 चा, कोकणात शेरवली या आजोळच्या गावी. घर दापोलीजवळच्या मुरूडचे. घरची गरिबी, पण माणसे मानी. मुरुडात तेव्हा पुढच्या शिक्षणाची सोय ती किती असणार! सोमण गुरुजींनी या मुलाला हाताशी धरले. त्या काळी सरकारी नोकरीसाठी मराठी सहावीची एक परीक्षा असे. तिला बसायला वय सतरा पूर्ण लागे, आणि केंद्र होते सातारा. पावसाळ्याचे दिवस. मुरुडाहून साताऱ्याला पायी निघायचे, वाटेत कुंभार्ली घाट. एकशे दहा मैलांची ही वाट बरोबरच्या मुलांसह चार-पाच दिवसांत चालून अण्णा साताऱ्यास पोचले. तिथे परीक्षा घेणाऱ्या समितीच्या प्रमुखांनी त्यांच्याकडे पाहिले आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परीक्षेला बसूच दिले नाही. वय पूर्ण होते, दिसत मात्र नव्हते. अंगकाठी लहान, तिला अण्णा काय करणार? आल्या वाटेने परत.

हे मी मुलीला वाचून दाखवले त्या रात्री एक गंमत झाली. एकशे दहा मैल म्हणजे किती, असे तिने विचारले. मैल म्हणजे किलोमीटरपेक्षा थोडा जास्त, सुमारे एक पूर्णांक सहा, एवढे मला ठाऊक होते, कारण माझे वडील मैलातच बोलत. ती पेन्सिल घेऊन बसली. एकशे शहात्तर किलोमीटर आले. चार दिवस धरले तर रोजचे चव्वेचाळीस. मग तिने स्वतःच हिशेब पुढे नेला. आपल्या वाघोलीहून नगर रस्त्याने निघाले तर रोज जवळजवळ शिरूरपर्यंत चालायचे, तेही पावसात, चार दिवस ओळीने! पाच दिवस धरले तर पस्तीस पडतात, हेही तिनेच काढले. गुणाकार, भागाकार, दशांश चिन्ह, सगळे बरोबर. हीच मुलगी परीक्षेत कोरा पेपर ठेवून आली होती. मी काही बोलले नाही. बोलले असते तर तिने पेन्सिल खाली ठेवली असती.

पुढच्या वर्षी अण्णांनी कोल्हापुरास जाऊन ती परीक्षा दिली आणि पास झाले. मग इंग्रजी. त्याला तर फारच उशीर झाला. मॅट्रिक झाले ते 1881 साली, म्हणजे तेविसाव्या वर्षी. आज तेविसाव्या वर्षी दहावी म्हटले तर लोक हसतील. लग्न तर केव्हाच झाले होते. 1884 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन ते बी. ए. झाले. सरकारी नोकरीच्या मागे न लागता मुंबईत शाळांतून गणित शिकवू लागले, त्यात मुलींच्याही शाळा होत्या. शिवाय पहाटे उठून लोकांच्या घरी शिकवण्या. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पायीच. चालण्याची सवय त्यांना मुरुडापासूनच होती, ती शेवटपर्यंत सुटली नाही.

1891 साली दोन गोष्टी घडल्या. पत्नी राधाबाई वारल्या, मागे लहान मुलगा रघुनाथ राहिला. (हेच पुढे संततिनियमनाचे काम करणारे र. धों. कर्वे. तेही गणिताचेच प्राध्यापक झाले.) आणि त्याच वर्षी गोखल्यांच्या बोलावण्यावरून अण्णासाहेब पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. टिळक कॉलेज सोडून गेल्यावर त्यांच्या गणिताची जागा रिकामी होती, तीच ही. टिळकांच्या जागी उभे राहायचे, आणि हा माणूस स्वभावाने लाजाळू, बोलण्यात भीड असलेला. तरी 1914 पर्यंत तेवीस वर्षे ते काम त्यांनी केले.

दुसरे लग्न करायचे तर विधवेशीच, असे त्यांनी ठरवले होते. 11 मार्च 1893 रोजी त्यांनी मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई हिच्याशी विवाह केला. लग्नानंतर त्यांचे नाव आनंदीबाई. लहानपणीच विधवा झालेल्या या बाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. अक्षरांशी खरी गाठ पडली ती विशी उलटल्यावर. मुरुडाने या लग्नाबद्दल कर्वे घराण्यावर बहिष्कार टाकला. म्हाताऱ्या आईला त्याचा फार त्रास झाला. हे वाचताना मला वाईट वाटते ते त्या आईचे. मुलाचे नाव आज सारे घेतात, तिने गावात ते दिवस कसे काढले असतील ते तिलाच माहीत.

1896 साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि 1900 साली तो पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. तेव्हाचे हिंगणे म्हणजे माळरान आणि एक झोपडी. गावापासून चार मैल. दिवसा कॉलेजात गणित शिकवायचे आणि मग पायी हिंगण्याला जायचे, चिखलातून, हातात सामान घेऊन. तिथे शिकायला येणाऱ्या बाया कोण? कोणी बारा वर्षांची, कोणी पंचवीस वर्षांची, कोणी मुलांची आई. वर्गाच्या आणि वयाच्या मोजपट्टीत त्यांतली एकही बसत नव्हती. आनंदीबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा, एक मुलगा पदरी. त्या इथे मोठ्या वयात शिकल्या, आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा केली आणि पुढे एकट्या अमेरिकेस जाऊन आल्या.

आता मला ज्यासाठी हे सारे लिहायचे होते ते सांगते.

1915 च्या सुमारास अण्णासाहेबांना जपानमधल्या स्त्रियांच्या विद्यापीठाची माहितीपुस्तिका मिळाली. ते तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते, कॉलेजातून निवृत्त झालेले. दुसरा कोणी असता तर पुस्तिका वाचून बाजूला ठेवली असती. यांनी 1916 साली भारतातले स्त्रियांचे पहिले विद्यापीठ काढले. कॉलेजात पहिल्या वर्षी विद्यार्थिनी किती? पाच. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी देऊ केली आणि त्यांच्या आईच्या नावावरून पुढे त्याला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी असे नाव पडले. आपण ज्याला एसएनडीटी म्हणतो तेच हे.

या विद्यापीठाच्या तीन गोष्टींपाशी मी फार वेळ थांबले. शिकवणे मातृभाषेतून. ज्यांना कॉलेजात येता येत नाही अशा बायकांना घरी अभ्यास करून परीक्षेला बसायची मोकळीक. आणि तिसरी, गणित सक्तीचे नाही, ज्या मुलीला हवे तिने घ्यावे. हे ज्यांनी ठरवले ते स्वतः जन्मभर गणित शिकवून पोट भरलेले गृहस्थ! गणितावाचून ज्यांचे एक पान हलले नाही, त्यांनीच गणित दारात आडवे घातले नाही. मला वाटते सातारच्या त्या दिवसाची आठवण त्यांच्या मनात असावी. हा माझा तर्क, पुस्तकात तसे लिहिलेले नाही.

मंडळातल्या एक निवृत्त शिक्षिका आठवड्यातून दोनदा येऊन आमच्या मुलीला गणित शिकवतात, फी घेत नाहीत. त्यांना मी हे सांगितले तर त्या खुशाल माझ्याशी भांडल्या. त्यांचे म्हणणे असे की, त्या काळीही या सवलतीवर टीका झालीच होती. बायकांची पदवी म्हणजे कमी प्रतीची, असे लोक म्हणत. स्वयंपाक आणि आरोग्य शिकवले आणि गणित सोडले म्हणजे पोरींची विज्ञानाची वाटच तोडली. मला त्यांचे म्हणणे निम्मे पटते. पण ज्या बाईला लग्न, मुले, सासर यांतून रात्री एक तास मिळतो, तिला एका विषयासाठी बाकीच्या पाचांनाही मुकावे लागावे, हे अण्णासाहेबांना सहन झाले नाही, तेही मला पटते. आणि त्यांनी गणित काढून टाकले नव्हते, फक्त सक्ती काढली होती. बाईंनी यावर मान हलवली, पण त्यांनाही ते पुरते पटलेले दिसले नाही.

आमच्यापुढेही आज हाच प्रश्न आहे. घरी शिकणाऱ्या मुलांना सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येते, पण त्यात गणित सुटत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बसले तर विषय निवडता येतात, गणित न घेताही दहावी होते. सासूबाईंना यातले काहीच नको. मी मात्र आता एक गोष्ट घरात सांगून टाकली आहे की दहावी होणार, कोणत्या वाटेने ते मुलगी ठरवील. लग्नाला पंचवीस वर्षे होत आली. सासूबाईंसमोर अशी मी पहिल्यांदाच बोलले.

अण्णासाहेबांचे पुढचे आयुष्य थोडक्यात सांगते. 1929 साली, एकाहत्तराव्या वर्षी, ते जगाच्या प्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका, जपान. बर्लिनला आइन्स्टाइन यांची भेट झाली. मुरुडच्या सोमण गुरुजींचा विद्यार्थी तिथवर पोचला! परत आल्यावर 1936 साली, ज्या खेड्यांत शाळाच नाही तिथे शाळा काढायचे काम हाती घेतले आणि त्या वयात दारोदार वर्गणी मागत फिरले. 1944 साली समता संघ काढला. आनंदीबाई 1950 साली गेल्या. 1958 साली, शंभरी पूर्ण झाली त्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. 9 नोव्हेंबर 1962 रोजी पुण्यात ते वारले, तेव्हा वय एकशे चार होते. परीक्षेत लहान दिसले म्हणून ज्यांना परत पाठवले, ते एवढे जगले.

हा लेख मुलीनेच मोबाइलवर टंकून दिला. टंकताना तिने दोन ठिकाणी माझी वर्षांची वजाबाकी चुकलेली दाखवली, ती सुधारून घेतली. शिवाय स्मरणिकेच्या जाहिरातींचे पैसे माझ्याकडे जमा होत आहेत, त्याचा हिशेब तीन दिवस जुळत नव्हता, अकरा रुपये कमी येत होते. काल रात्री ती वही घेऊन बसली. तिने चूक शोधली ती अशी की, एका दुकानदाराचे दोनशे एक रुपये मी वहीत दोनशे बारा लिहिले होते. पैसे बरोबर होते, वही चुकली होती. फॉर्म भरायला अजून थोडे दिवस आहेत. तिने दोन्हीकडची माहिती कागदावर लिहून फ्रिजला लावून ठेवली आहे, आणि गणितापुढे अजून काहीच खूण केलेली नाही.