तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेवराय

पंढरीनाथाच्या कृपेने गेली चाळीस वर्षे महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतील वाड्यावाड्यांतून हरिनाम सप्ताहाच्या निमित्ताने हिंडणे होते. डोंगराच्या कुशीतली गावे, भात-नाचणीची शेती, घरटी एखादा माणूस मुंबईला; पण गळ्यातली माळ आणि पंढरीची वाट यांना इकडे खंड नाही. अशाच एका वाडीत काही वर्षांमागे माझ्या हातून जे घडले ते आधी सांगतो. आजच्या चरित्राला हात का घातला, हे मग वाचकांच्या ध्यानी येईल.

सहाव्या रात्रीच्या कीर्तनात मी श्रीनामदेवरायांचा दृष्टान्त दिला होता. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव! मृदंग छान लागला होता, टाळकरी रंगले होते, बायाबापड्यांनी पदराने डोळे टिपले. दुसऱ्या दिवशी काल्याचे कीर्तन झाले आणि पंगत बसली. तेवढ्यात एक हडकुळी कुत्री मांडवाच्या कडेने आत शिरली आणि वाढप्याच्या पाटीत तिने तोंड घातले. मी जवळच उभा होतो, हातात काठी होती. मागचापुढचा विचार न करता हाणली. ती तिच्या मागल्या पायावर बसली. केकाटत, तीन पायांवर लंगडत ती पडवीमागे पळाली. पंगतीत कोणी काही बोलले नाही. उलट बुवांनी बरे केले अशा अर्थाने दोघा-चौघांनी माना हलवल्या. एक म्हातारी मात्र पानावरून उठली. आपल्या पत्रावळीवरचा भात तिने करवंटीत घेतला आणि कुत्रीच्या मागे गेली. परत आल्यावर मला इतकेच म्हणाली, की लाकडांच्या ढिगाखाली तिची चार पिल्ले आहेत आणि त्यांचे डोळे अजून उघडलेले नाहीत.

त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही. जो दृष्टान्त शेकडो वेळा सांगितला तो आपल्याला कळलाच नव्हता, हे ध्यानात आले. तेव्हापासून नामदेवरायांचे चरित्र मी पुन्हा पहिल्यापासून पाहू लागलो. त्यात जे सापडले ते थोडक्यात निवेदन करतो.

श्रीनामदेवरायांचा जन्म शके ११९२, म्हणजे इ. स. १२७० मधील कार्तिक शुद्ध एकादशीचा. घराण्याचे मूळ गाव नरसी बामणी, आजच्या हिंगोली जिल्ह्यातले. वडील दामाशेटी, आई गोणाई, धंदा शिंप्याचा. बाळपणाची कथा सर्वांना ठाऊक आहे. वडील घरी नव्हते म्हणून नैवेद्याचे ताट घेऊन हा मुलगा विठ्ठलापुढे गेला आणि देव जेवेना म्हणून रडू लागला; शेवटी देवाला जेवावे लागले. या कथेतला चमत्कार क्षणभर बाजूला ठेवा. त्या लेकराला एवढेच कळत होते की समोर जो आहे त्याला भूक असणार, आणि त्याने जेवावे. ही कथा आणि पुढची कुत्र्याची कथा एकाच वस्त्राचे दोन पदर आहेत.

पुढे राजाईशी विवाह झाला. नारा, विठा, गोंदा, महादा हे मुलगे, लिंबाई ही मुलगी, शिवाय घरात जनाबाई. खाणारी तोंडे पुष्कळ आणि कर्त्याचे लक्ष सगळे भजनात! गोणाई आणि राजाई यांची त्याबद्दलची गाऱ्हाणी गाथ्यात आलेली आहेत. म्हणजे घर भरल्या कोठाराचे नव्हते. भाकरीची किंमत त्या घराला पुरती ठाऊक होती.

नामदेवराय भक्त थोर, पण एक उणीव राहिली होती. गोरोबाकाकांनी थापटी घेऊन सर्व संतांची डोकी पारखली, त्या वेळी नामदेवांचे मडके कच्चे ठरले, ही कथा संप्रदायात प्रसिद्ध आहे. तो अपमान सोसून ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. पाहतात तो विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले! जेथे देव नाही तेथे माझे पाय ठेव, असे विसोबांनी सांगितले, आणि नामदेव जिकडे पाय ठेवू गेले तिकडे पिंडी दिसली. विठ्ठल पंढरीच्या विटेवर आहे हे नामदेवांना आधीपासून ठाऊक होते. तो विटेबाहेरही आहे, हे त्या दिवशी कळले.

कुत्र्याची कथा कीर्तनपरंपरेत या उपदेशाच्या पुढे सांगतात, आणि ते योग्यच आहे. नामदेवराय जेवायला बसणार तोच कुत्र्याने भाकरी उचलली आणि धूम ठोकली. आता येथे तीन प्रकारची माणसे संभवतात. एक काठी उचलतो, तो मी. दुसरा, गेली तर गेली म्हणून स्वस्थ बसतो. आपण त्याला सज्जन म्हणतो. नामदेवराय तिसरे. भाकरी कोरडी आहे, ती याच्या घशात अडकेल, हे त्यांच्या मनात पहिल्याने आले, आणि ते तुपाची वाटी घेऊन धावले. न मारणे ही दयेची पहिली पायरी आहे खरी, पण दया तेथेच थांबत नाही. समोरच्याच्या घशातला कोरडेपणा आपल्या घशाला जाणवला पाहिजे.

कथेच्या शेवटी त्या कुत्र्याच्या ठिकाणी पांडुरंग प्रकट होतो. आम्ही कीर्तनकार या शेवटाकडे फार लवकर पळतो, कारण तेथे टाळी पडते. पण बरं का, धावताना नामदेवरायांच्या मनात बक्षिसाची आशा नव्हती. देव प्रकट झाला नसता, कुत्रे शेवटपर्यंत कुत्रेच राहिले असते आणि तूप लावलेली भाकरी खाऊन शेपटी हलवत निघून गेले असते, तरीही नामदेवरायांचे धावणे तितकेच खरे ठरले असते. माझी चूक नेमकी येथे होती. पंढरीच्या कुत्र्यात देव पाहायला मी तयार होतो. मांडवातली कुत्री मात्र मला कुत्रीच दिसली.

श्रीज्ञानेश्वर माउलींबरोबर नामदेवरायांनी तीर्थयात्रा केली. मारवाडात दोघांना तहान लागली, विहीर फार खोल होती. नामदेवांनी विठ्ठलाचा धावा केला आणि पाणी काठावरून वाहू लागले, असे संतचरित्रे सांगतात. पाणी काठावरून वाहू लागल्यावर ते पिण्याला कोणाला आडकाठी राहणार? ही विहीर वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे. इ. स. १२९६ मध्ये माउलींनी आळंदीस समाधी घेतली. तो प्रसंग नामदेवरायांनी डोळ्यांनी पाहिला आणि अभंगांत गाऊन ठेवला.

औंढ्याच्या देवळात कीर्तनाला उभे राहिले असता, यातीचा शिंपी म्हणून त्यांनाच देवळाच्या मागे घालवण्यात आले, आणि देऊळच फिरले अशी आख्यायिका आहे. हाकलून दिल्याचे दुःख त्यांना असे स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होते. म्हणूनच चोखोबांसाठी त्यांनी जे केले ते दुसऱ्या कोणी केले नाही. शके १२६० मध्ये, म्हणजे १३३८ साली, मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालले असता ते कोसळले आणि मजुरांबरोबर चोखामेळा त्याखाली गाडले गेले. परंपरा सांगते, की नामदेवराय तेथे गेले आणि एकेक हाड कानाला लावून पाहू लागले. ज्या हाडातून विठ्ठलनाम ऐकू आले ते चोखोबांचे. त्या अस्थी पंढरीस आणून त्यांनी महाद्वारासमोर समाधी दिली. जिवंतपणी ज्याला देवळाच्या आत पाऊल टाकू दिले नाही, त्याला नामदेवरायांनी देवाच्या नजरेसमोर कायमची जागा करून दिली.

भागवत धर्माचा झेंडा त्यांनी पंजाबापर्यंत नेला. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य झाले. शिखांच्या श्रीगुरुग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे आहेत. शके १२७२, इ. स. १३५० मध्ये आषाढ वद्य त्रयोदशीला, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांनी पंढरीच्या महाद्वारी देह ठेवला. नामदेव पायरी ती हीच. येणाऱ्याजाणाऱ्या भक्तांची पायधूळ लागावी, ही त्यांची इच्छा. समोर चोखोबा, पायरीत नामदेव, आत विठोबा!

लहानपणी पाठशाळेत गीता मुखोद्गत झाली. पाचव्या अध्यायातला अठरावा श्लोक मी अन्वयार्थासह घडघडा म्हणत असे. त्यात विद्याविनयाने संपन्न ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक यांना भगवंतांनी एका ओळीत बसवले आहे. या पंगतीत कुत्रा आणि समाजाने बाहेर ठेवलेला माणूस अगदी शेजारी शेजारी आहेत. नामदेवराय त्या दोघांच्याही मागे धावले. एका हाती तुपाची वाटी, दुसऱ्या हाती चोखोबांच्या अस्थी. त्या श्लोकावर याहून मोठे भाष्य मी कोणत्याही टीकेत वाचले नाही.

आणि आमच्या महाडात काय घडले? चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत, कुत्रीमांजरे पीत. अस्पृश्य म्हटलेल्या माणसाला मात्र बंदी. १९२४ साली नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ते पाणी प्यायले. त्यानंतर गावातल्या सनातनी मंडळींनी १०८ घागरींत पंचगव्य घालून तळे शुद्ध केले! गाईचे शेण-मूत्र पवित्र, आणि माणसाच्या ओंजळीने विटाळ. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाचा निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला. नामदेवांची विहीर काठावरून वाहिली होती. आमच्या तळ्याला कोर्टाचा निकाल लागला. ज्यांनी तेव्हा आडकाठी केली त्यांच्यातही नामदेवांचे चरित्र ऐकणारे असतीलच, आणि सांगणारेही असतील. म्हणून म्हणतो, जनावरावर दया करून माणसाला दूर लोटले तर ती दया नव्हे. आणि माणसापुरतीच ठेवली तर तीही नामदेवरायांची नव्हे.

आता आपल्या दारातली गोष्ट. मे महिन्यात आणि गणपतीला मुंबईकर गावी येतात. मुले एखादे पिल्लू धरतात, त्याला नाव ठेवतात, मांडीवर घेऊन निजतात. मग सुटी संपते, दाराला कुलूप लागते आणि गाडी निघते. पिल्लू उंबऱ्यावर वाट पाहत राहते. अशी बंद दारे आणि त्यांपुढची कुत्री मी पुष्कळ पाहिली. लळा लावायचा तर त्याच्या बारा महिन्यांच्या भाकरीची सोय आधी करावी. शेजारच्या घरी तांदूळ ठेवून, विनवून जावे. नाहीतर लळा लावू नये. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीचा पूर महाडात शिरला आणि त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून अनेक जीव गेले. डोंगरातल्या माणसाला पावसाळ्याचे सांगायला नको. पण घर सोडून निघायची वेळ आली तर गोठ्यातले दावे आणि कुत्र्याची साखळी सोडून मग निघावे. बांधलेल्या जिवाला पळता येत नाही, पोहताही येत नाही.

दयेला विवेकाची जोड हवी. घरच्या कुत्र्याला पशुवैद्यकीय दवाखान्यातून दरवर्षी पिसाळीविरुद्धची लस टोचून घ्यावी. कोणाला कुत्रे चावलेच तर हळद-चुना लावत बसू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठून लस घ्यावी. तो रोग एकदा अंगात उठला की उपाय चालत नाही. कुत्र्यांना तिखट-मसाल्याचे उष्टे घालू नये. कांदा तर त्यांना विषासमान आहे.

त्या वाडीत दुसऱ्या वर्षी पुन्हा सप्ताहाला गेलो. आचाऱ्याला सांगून फोडणीच्या आधीचा साधा भात टोपभर वेगळा काढवला, आणि पंगत बसण्यापूर्वी तो घेऊन मीच पडवीमागे गेलो. कुत्री होती. मागचा पाय जरा ओढत होती. मला पाहून ती लांब जाऊन उभी राहिली. मी भात ठेवून मागे सरलो, तेव्हा कुठे जवळ आली. आता दरवर्षी तो टोप निघतो. आचारी न सांगता काढतो. तरी मी पुढे झालो की ती आधी माझ्या हातांकडे बघते.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!